ताटीचा खालचा दोर

रविवार, २६ जून २०११

आज मी अकरा वेळा स्कूटरवरून उतरलो आणि अकरा वेळा चढलो. माझं वय अठ्ठेचाळीस, गुडघ्यांचं त्याहून दहा जास्त, आणि स्कूटर तिसऱ्या लाथेशिवाय सुरू होत नाही. म्हणजे एकूण तेहतीस लाथा. या अन्यायाची नोंद सरकार घेणार नाही, इतिहास घेणार नाही, म्हणून मलाच घ्यावी लागते.

अन्याय असा. आमचं सारसमित्र मंडळ दर रविवारी गोंदियाहून गाड्या काढतं आणि धानाच्या बांध्यांतून सारस पक्षी शोधत हिंडतं. बांधी आली की कुंपण आलं, कुंपण आलं की बांबूची ताटी आली. ताटी उघडा, गाड्या आत घ्या, ताटी लावा. नाहीतर गुरं शिरतात. आमचे अध्यक्ष ईश्वरदासजी यांचे आजोबा मालगुजार. घोड्यावरून शिकारीला जायचे. पुढे शिकार बंद झाली, घोडा मेला, बंदूक ठाण्यात जमा झाली. उरली एक वही, लाल कापडात बांधलेली: 'शिकारीस निघालेल्या स्वारांनी पाळावयाचे नियम'. ईश्वरदासजी बुलेटवर बसण्यापूर्वी दर रविवारी तिचं वाचन करतात. आवाज असा लावतात की समोर वीस हत्ती झुलताहेत. समोर आम्ही सहा जण, त्यातले दोघे पोहा खात.

नियम पहिला: पुढच्या स्वाराने फाटक उघडावे. नियम दुसरा: मागच्याने लावावे. नियम तिसरा: मागचा पुन्हा स्वार होईतो कोणी टाच मारू नये.

पहिला नियम ईश्वरदासजी स्वतः पाळत नाहीत. बुलेटवर मागे बसलेला चुन्नीलाल उडी मारून पाळतो. दुसरा मी पाळतो, कारण माझी स्कूटर सगळ्यांत हळू. तिसरा फक्त वाचायचा असतो. मी ताटी बांधून वळतो तेव्हा मंडळाची आठवण म्हणून हवेत थोडा धूर असतो.

सारस दिसला नाही. बगळ्याचे चाळीस फोटो काढले.

बुधवार, २९ जून

मंडळाची सभा. जागा, चुन्नीलालच्या हार्डवेअर दुकानाची माडी. चुन्नीलाल आमचा सचिव. बिजागऱ्या विकतो, म्हणून दारांबाबत त्याचं मत अंतिम असतं. मी विचारलं, "मागचा दर वेळी मीच का?"

ईश्वरदासजी गंभीरपणे म्हणाले, "टिकारामजी, जो मागे असतो तो मागचा."

एवढं तत्त्वज्ञान फुकट मिळाल्यावर मी खाली बसलो.

मग नवीन सदस्या आली. अल्का, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, स्कूटी चालवते, पस्तिशीची असेल. म्हणाली, "चोरखमाऱ्याच्या नहराखाली माझ्या आत्याची बांधी हाय. तिथं सारसाचं जोडपं येते. यंदा घरटं करतील असं वाटून राहिलं. पन गाव कोनाले आत घेत नाही. मागच्या साली फोटोवाले आले आन् ताट्या उघड्या टाकून गेले."

"आजोबांच्या काळी त्या भागात आम्हाला विचारावं लागत नसे," ईश्वरदासजी म्हणाले.

"म्हनूनच आता विचारा लागते," अल्का म्हणाली.

चुन्नीलालनं घाईनं चहा सांगितला. मग ती म्हणाली, "मी गावात शब्द टाकते. पन माझा शब्द हाय, सांभाळा. मले त्याच गावात राहा लागते, त्याच शाळेत शिकवा लागते."

सगळ्यांनी मान डोलावली. मी खिडकीतून खाली पाहिलं. स्कूटी बारकी, चाकं आणखी बारकी. चिखलात माझ्याहूनही हळू चालेल. देव आहे, अशी माझी पक्की खात्री झाली.

रविवार, ३ जुलै

देव नाही. अल्का वाटाड्या म्हणून सगळ्यांत पुढे, मी परत मागे.

शिवाय या बाईसोबत जाणं म्हणजे बारशाची आमंत्रणं वाटत फिरणं. प्रत्येक ताटीशी उभी राहते. "काका, येऊ का?" "मावशे, तुयी गाय व्याली का?" ताटी उघडली की सातही गाड्या आत येईतो थांबते, मी ती बांधून किक मारेतो थांबते, मग निघते. इतकं थांबल्यावर सारस म्हातारे होऊन मरतील, असं मी चुन्नीलालला म्हणालो. तो हसला. मी आज बरा हसवत होतो.

तिची आत्या सुशिलाबाई साठीची. नवरा नाही. दीड एकराची बांधी एकटीच करते. कोपऱ्यात धानाचे पऱ्हे टाकलेले, वीतभर वाढलेले, इतके हिरवे की ईश्वरदासजींनी सारस सोडून त्यांचाच फोटो काढला. आणखी आठ-दहा दिवसांनी उपटून बांधीभर रोवायचे. तिचं वर्षभराचं जेवण त्या कोपऱ्यात उभं आहे, असं अल्का म्हणाली. मास्तर लोकांना अलंकार आवडतात.

निघताना सुशिलाबाईनं मला ताटी लावायचं शिक्षण दिलं. मला! अकरा ताट्यांचा अनुभव असलेल्या माणसाला!

"बापू, हे पाय, दोन दोर हाय. वरचा मानसासाठी, खालचा मशीसाठी."

"म्हणजे?"

"मानूस वरून उघडते. मस खालून शिंग घालते आन् उचलते. दोन्हीले दोन दोन पेच देजो."

मी दोन दोन पेच दिले. म्हशींसाठी वेगळा दोर! रेल्वेत लेडीज डबा असतो तसा. घरी आल्यावर दुर्गेश्वरीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "खरंच सांगून राहिली थे बाई." माझी बायको खेड्यातली. तिला विनोद समजावून सांगावा लागतो.

सारसाचं जोडपं दुरून दिसलं. आमचा हॉर्न ऐकून उडालं.

रविवार, १० जुलै

आज सोन्याचा दिवस. आज मी मागचा नव्हतो!

जाताना होतो. पण परतताना अल्का आत्याशी बोलत मागे राहिली, बांधीच्या पार त्या टोकाला. सारस घरट्यासाठी गवत जमवायला लागलेत म्हणे, ते ती दाखवत होती. बाकीचे सारे ताटीबाहेर आले, शेवटून दुसरा मी. तेवढ्यात स्कूटरच्या कॅरियरचा पट्टा तुटला आणि माझा डबा चिखलात. तीन पुडांचा स्टीलचा डबा, त्यात उरलेली वांग्याची भाजी. धरू कुठे, बांधू कशानं? ताटीकडे पाहिलं. वर एक दोर, खाली एक दोर. एका ताटीला दोन दोर म्हणजे चैन आहे. माझ्या डब्याला एकही नाही. खालचा सोडून घेतला. अंबाडीचा, हातानं वळलेला, काय मजबूत! लांब होता, म्हणून पेन्सिलच्या ब्लेडनं अर्धा कापून टाकला आणि उरलेल्या अर्ध्यानं डबा असा आवळला की थेट गोंदियापर्यंत हललासुद्धा नाही. गरजेच्या वेळी जवळच्या वस्तूचा उपयोग करणं याला बुद्धी म्हणतात. माझ्या जागी चुन्नीलाल असता तर त्यानं स्वतःलाच नवीन पट्टा विकला असता.

अंधारून आलं, पावसाची सर आली. ईश्वरदासजींनी बुलेटवरून "चला" म्हटलं. मी सांगितलं, अल्का यायची आहे. चुन्नीलाल म्हणाला, "मॅडम आ जाएगी, लास्ट वाली है, लगा देगी।" आम्ही निघालो. नियम तिसरा पावसात लागू नसावा.

पहिल्यांदा वळून पाहिलं तेव्हा धूर माझ्या स्कूटरचा होता. मजा वाटली.

मंगळवार, १२ जुलै

वाईट बातमी. सोमवारी पहाटे तीन म्हशी सुशिलाबाईच्या बांधीत शिरल्या. ताटी खालून उचललेली. पऱ्हे अर्धे खाल्ले, अर्धे तुडवून चिखल केला. रोवायला काहीच उरलं नाही. गावानं निरोप पाठवला: रविवारी विहारासमोर बैठक आहे, मंडळानं येऊन खुलासा द्यावा, नाहीतर यापुढे एकही ताटी उघडणार नाही.

तातडीची सभा झाली. ईश्वरदासजींनी वही उघडली, नियम दुसरा दोनदा वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "शेवटी कोण होतं?"

"मॅडम," चुन्नीलाल म्हणाला.

झाला निर्णय. कोर्टात याच कामाला बारा वर्षं लागतात. खुलासा लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे, मंडळात दुसऱ्या कोणाला पूर्ण वाक्य लिहिता येत नाही. ऑफिसात तेवीस वर्षं हेच करतो: चूक झाली हे मान्य करायचं आणि ती कोणी केली हे दुसऱ्या टेबलाकडे सरकवायचं. मुख्य वाक्य तर इतकं जमलंय की इथं उतरवून ठेवतो:

'सदर ताटी लावण्याची जबाबदारी नियम क्रमांक दोननुसार सर्वांत मागील सदस्येची असून, तिच्या निष्काळजीपणाशी मंडळाचा काहीएक संबंध नाही.'

'काहीएक' वर मी स्वतः खूश आहे.

शुक्रवार, १५ जुलै

अल्का सभेला आली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही, त्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली. कुठे पाहावं कळेना.

म्हणाली, "मी ताटी लावली. वरच्याले दोन पेच दिले. खालचा दोर हाताले लागलाच नाही. पानी पडून राहिलं होतं, घोट्याएवढा चिखल. तुमी सारे निंगून गेले. मले वाटलं, असल खाली चिखलात दबून. तुमी उभे असते तं मी वाकून पायलं असतं. कोनी गाडीचा उजेड तं दाखवला असता."

मी म्हणालो, "दोर हाताला लागला नाही? दोराला काय पाय असतात का, मॅडम?"

माडी हसली. चुन्नीलालला ठसका लागला.

अल्का माझ्याकडे वळली. मग हळू म्हणाली, "आत्या मले एक शब्द बोलली नाही, भाऊ. तेच झोंबून राहिलं. शाळेत पोरं मले ताटीवाली बाई म्हनून राहिले."

ईश्वरदासजी म्हणाले, नियम म्हणजे नियम, सदस्यत्व स्थगित. मग समोसे आले. अल्कानं घेतला नाही. मी दोन खाल्ले. तेव्हापासून छातीत जळजळ आहे. चुन्नीलाल समोसे कुठून आणतो याची चौकशी केली पाहिजे.

शनिवार, १६ जुलै

दुर्गेश्वरी स्कूटर धूत होती. "हा दोर कुठून आनला?"

"मिळाला."

"मिळाला? अंबाडीचा, हातचा वळलेला. टोकाले गाठ हाय. पेच दिल्याच्या वळ्या हाय. हा ताटीचा दोर होय." तिनं नाकाला लावला. "मशीचा वास येऊन राहिला."

मी म्हणालो, "ताटीला दोन होते."

तिनं दोर परत डब्याला बांधला, अगदी व्यवस्थित. आणि घरात गेली.

आज एवढंच.

रात्री पुन्हा लिहायला बसलो. दोन बाजू मांडून पाहिल्या. माझ्या बाजूनं: पाऊस होता, पट्टा तुटला होता, डबा पडला होता, मी ताटी लावणारा नव्हतोच, नियमांत दोराचा उल्लेख नाही. दुसऱ्या बाजूनं: वरचा मानसासाठी, खालचा मशीसाठी.

हे वाक्य मी तीन तारखेला माझ्याच अक्षरात लिहून ठेवलंय. रेल्वेचा विनोदही तिथंच आहे. आता वाचला, हसू आलं नाही.

रविवार, १७ जुलै

विहारासमोरच्या ओट्यावर गाव बसलेलं, पन्नासेक माणसं. सुशिलाबाई खांबाला टेकून. अल्का तिच्या शेजारी, मान खाली. आमचं मंडळ सतरंजीवर. ईश्वरदासजींनी वही आणली होती. मी उभा राहून खुलासा वाचायला लागलो. सुरुवातीची दोन वाक्यं सुरळीत गेली, सारस पक्ष्याचं महत्त्व वगैरे. मग ते वाक्य आलं.

"सदर ताटी लावण्याची जबाबदारी नियम क्रमांक दोननुसार सर्वांत मागील सदस्येची असून..."

पुढे 'तिच्या' होतं. 'तिच्या' काही तोंडातून निघेना. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी निघेना. तेवीस वर्षांची सवय अशी की मग जे निघालं तेही ऑफिसच्याच भाषेत:

"...असून, तिच्या आधी बाहेर पडलेल्या सदस्याने सदर ताटीचा खालचा दोर सोडून, कापून, स्वतःच्या डब्यास बांधला. सदर सदस्य म्हणजे प्रस्तुत वाचक."

कोणाला कळलं नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "कोन म्हने?"

"मी," मी म्हणालो. "मी नेला."

चुन्नीलाल कुजबुजला, "अरे भाई, ये तो लिखा ही नहीं था।"

सुशिलाबाई उठली. "कोनता डबा?"

मी तिला स्कूटरपाशी नेलं. दोर तसाच होता. तिनं बोटानं चाचपला. "आखूड झाला."

"कापला."

"काय होतं डब्यात?"

"वांग्याची भाजी."

"बाप्पा! वांग्यापायी गेले माहे पऱ्हे."

ओट्यावर कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. मी आयुष्यभर लोकांना हसवायचा प्रयत्न केला. इतकं मोठं हसू कधी मिळालं नव्हतं. अल्का तेवढी हसली नाही. तिनं मान वर केली आणि गावाकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं.

ईश्वरदासजी म्हणाले, "नियमांत दोर नेण्याविषयी तरतूद नाही."

"तं तुमच्या तिसऱ्या नियमात काय हाय?" अल्कानं विचारलं. "थे वाचा ना एकदा गावापुढं."

त्यांनी वही कापडात बांधली. पाच मिनिटांत बुलेट निघाली, मागे चुन्नीलाल, मग बाकीचे. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. धूर ओळखीचा होता.

सुशिलाबाईच्या शेजारच्या सहा घरांनी सांगितलं, आमची रोवणी उरकत आली, उरलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या देतो. अर्धी बांधी तरी होईल. "पेंड्या भेटल," सुशिलाबाई म्हणाली, "हात नाही भेटत. साऱ्या बाया दुसरीकडं कामाले. तुमी बुधवारी या, बापू."

आदरार्थी बोलावलं. म्हणजे सुटका नाही.

मंगळवार, १९ जुलै

दोन दिवस संध्याकाळी ओसरीवर दोर वळतोय. अंबाडीचा वाख सासुरवाडीहून आला. दुर्गेश्वरी एक टोक पायाच्या अंगठ्यात धरते, मी पीळ देतो. पहिला उलटा वळला, सुटला. दुसरा ठीक. तळहाताला तीन फोड.

"किती लांब पाहिजे?" तिनं विचारलं.

"दोन पेच बसून वर गाठ राहील एवढा."

"तुमाले कोनी सांगितलं?"

"सांगितलं होतं एकदा," मी म्हणालो.

बुधवार, २० जुलै

रजेच्या अर्जात कारण लिहिलं: कौटुंबिक. साहेबांनी विचारलं नाही.

रोवणी या विषयावर माझी आजवर अनेक मतं होती. ती सगळी कमरेतून गेली. त्या सहा घरांतून सवड काढून एकेक बाई आली होती. चिखलात उभं राहायचं, वाकायचं, डाव्या हातात पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन रोपं बोटानं चिखलात खुपसायची, मागे सरकायचं. माझी ओळ दारूच्या गुत्त्यावरून घरी निघाली होती. शेजारची बाई माझी रोपं उपटून परत सरळ लावत होती आणि गुणगुणत होती. गाण्यात डबा होता, वांगी होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपारी कमर सरळ करायला उभा राहिलो तर चाळीस पावलांवर सारसाची जोडी. माणसाएवढे उंच, लाल माना, निवांत गवत उचलत. बायकांची त्यांना सवय असावी. कॅमेरा नव्हता, मंडळ नव्हतं. मी परत वाकलो. ही नोंद मंडळाला कळवणार नाही.

अल्का शाळा सुटल्यावर आली, शेवटच्या दोन ओळी तिनं लावल्या. एकदाच म्हणाली, "भाऊ, अंगठा आत घ्या, नख तुटल." घेतला.

संध्याकाळी सगळ्या निघाल्या. माझे पाय चिखलातून निघेचनात, म्हणून मागचा मीच. सवयीनं. ताटी ओढली. वरच्या दोराला दोन पेच दिले. मग चिखलात गुडघे टेकून नवा दोर खालून ओवला, दोन पेच दिले, गाठ मारली. शिंग घालतात तसा हात घालून खालून उचलून पाहिलं. हललं नाही. सुशिलाबाईला दाखवावं असं वाटलं, मग वाटलं नको. उद्या पहाटे म्हशीच पाहतील.

मग कण्हत उठलो, वळलो.

बाहेर धुऱ्याच्या बांधावर सगळ्या उभ्या होत्या. डोक्यावर पाट्या, पाय चिखलाचे. अल्का स्कूटीवर बसलेली, इंजिन बंद, दिवा मात्र ताटीच्या खालच्या अंगाला लावून धरलेला.

स्कूटरला तिसरी लाथ बसली, मी बसलो. मग त्या निघाल्या.